बाबांचे लाल पट्टे

बाबा,

मी गाडी घेऊन प्लॉटवर पळतेय, रागावू नका! तुम्ही फिरायला गेलात आणि तोडणीवाल्या ठेकेदाराचा फोन आला, "मॅडम, पूरा बाग काटना है ना?" अहो, विरळणीत जे झाड तोडायचं त्यावर पट्टा मारतात! तुम्ही ठेवायच्या झाडांवर मारलेत, आणि तेही एकूण एक! खूण केली की जपून ठेवायचं, ही तुमची ऑफिसातली सवय!

त्याला थांबवलंय. लाल पट्टे घालवायला तारेचा ब्रश आणि पांढरा रंग घेतलाय. पण बाबा, लाकडासाठी लावलेला मलबार नीम इतका दाट झालाय की सगळी झाडं नुसती उंच चाललीत, जाड होतच नाहीत. आज निम्मी काढूयाच. मग बघा, उरलेली कवेत मावणार नाहीत!

पोहे झाकून ठेवलेत. खाऊन मेट्रोनं बल्लभगडला या, मी घ्यायला येते. कोणती काढायची ते तुम्हीच सांगा.

फाटकाजवळचं आईनं लावलेलं झाड वाकडं आणि बारीक आहे, खरं तर तेच पहिलं जायला हवं. त्यावरचा पट्टा मी पोचल्या पोचल्या खरवडणार आहे.

उत्तरा