आमच्या जहाजाला परक्याचं दार

प्रिय धाकट्या,

तुला, माझ्या भावजयीला आणि तुमच्या त्या सदा भुकेल्या मांजराला ताईचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाला होतास. वाजू दे, दुखायला लागला तर सांग. (माझ्या शिकवायच्या गाडीचा गिअर गेली अकरा वर्षं वाजतोय आणि गेली अकरा वर्षं गाडी चालतेय.) मी ठणठणीत आहे. रक्तदाब बेताचा, झोप गाढ, आणि या महिन्यात माझ्या हाताखालचे चार शिकाऊ पहिल्या फटक्यात पास झाले. त्यातल्या एका बाईंनी तर परीक्षा घेणाऱ्या साहेबांनाच आधी पट्टा लावायला लावला. इतकं शिक्षण अंगात मुरलं. पत्रास तसं काही कारण नाही. बहिणीनं भावाला सहज लिहू नये की काय?

तर आमच्या जहाजाची हकीकत. मागे तू माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात आलास तेव्हा मी कानाला हेडफोन लावून "डावीकडे घ्या, डावीकडे, खडक दिसत नाही का!" असं ओरडत होते, आणि तू घाबरून बाहेर गाडी बघायला धावलास. गाडी नव्हती रे, जहाज होतं. दुपारी दोन ते चार शिकाऊ येत नाहीत, तेव्हा आम्ही चौघं आपापल्या जागेवरून कॉम्प्युटरवर एक जहाज हाकतो. मी कप्तान. (निवडणूक झाली नाही, गरजच पडली नाही.) तोफांवर कोपऱ्यावरच्या दुकानातले किल्लीवाले. नकाशे बघायला वाचनालयातल्या बाई. आणि शिडांवर दातांचे डॉक्टर, जे एका पेशंटच्या हिरडीत इंजेक्शन देऊन ती बधिर होईपर्यंत आमचं शीड ओढतात. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत आम्ही दोनदा बुडालो, आणि दोन्ही वेळा हिरडी लवकर बधिर झाली म्हणून.

गेल्या महिन्यात खेळवाल्यांची सूचना आली, की पुढच्या एक तारखेपासून कुणालाही थेट खेळात शिरता येणार नाही. आधी तिसऱ्याच एका कंपनीचा लाँचर, म्हणजे खेळ सुरू करून देणारा निराळा प्रोग्राम, कॉम्प्युटरवर बसवायचा, तिथं नवं खातं उघडायचं, जुनं खातं त्याला जोडायचं आणि मग आत जायचं. थोडक्यात जहाज आपलं, समुद्र त्यांचा, पण धक्क्यावर जायचं ते तिसऱ्याच्या बिऱ्हाडातून, त्याच्या वहीत नाव-गाव लिहून. तीस तारखेपर्यंत न जोडलेली खाती पुसली जातील, असंही खाली बारीक अक्षरात होतं. (लोकांनी वाचू नये असं वाटतं तेच बारीक अक्षरात लिहितात.)

झालं, जहाजावर हलकल्लोळ. डॉक्टरांना वाटलं त्यांच्या पेशंटचे एक्स-रे परक्यांच्या हाती पडणार. बाईंना वाटलं त्यांचा जुना कॉम्प्युटर हे ओझं सोसणार नाही, आधीच तो चालू होईपर्यंत त्यांचं भाजी निवडून होतं. मी मात्र शांत होते. तीस वर्षं मी अशा माणसांशेजारी बसलेय, जी समोर ट्रक दिसला की डोळे मिटून घेतात. मला एक लाँचर काय करणार? मी फर्मान काढलं, की शनिवारी दुपारी सगळ्यांनी माझ्या ऑफिसात यायचं, तिथं शिकाऊंच्या सरावासाठी ठेवलेले चार कॉम्प्युटर आहेत, एका बैठकीत सगळ्यांची खाती उघडून टाकू.

सगळे आले. किल्लीवाले आले ते टोपी हातात धरून, आणि खुर्चीवर न बसता रस्त्यावरच्या खुणांच्या तक्त्याखाली उभे राहिले. तक्त्यावर नेमकी 'प्रवेश बंद'ची खूण होती.

"कप्तान, मी निरोप घ्यायला आलोय," ते म्हणाले. "लोकांच्या घरांना कुलपं बसवताना मी एकच सांगत आलो, आपली किल्ली तिऱ्हाइताकडे ठेवू नका. आता मीच ठेवू?"

मी हसण्यावारी नेणार होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. तुला सांगते, हा माणूस एकटा राहतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. दुकानात दिवसभर लोक येतात ते किल्ली बनेपर्यंत घड्याळाकडे बघत उभे राहतात, बोलत कुणी नाही. त्यांचं बोलणं काय ते दुपारच्या त्या दोन तासांत, तोफेआडून. हे सगळं मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं, तरी ते निघाले होते. तत्त्वाचा माणूस घरी असला की ताप, पण जहाजावर तो असावा.

"बसा," मी म्हटलं. "निरोप चहानंतर."

मग मी बाईंना त्या लाँचरचे नियम मोठ्यानं वाचायला लावले. अकरा पानं. (वाचनालयात तीस वर्षं 'शांतता राखा'च्या पाटीखाली काढलेली बाई मोठ्यानं वाचायला मिळालं की कशी खुलते, बघायला हवं होतंस.) चौथ्या पानावर कळलं, की फोन नंबर द्यायलाच हवा असं नाही. सहाव्यावर, की कॉम्प्युटर सुरू होताना तो आपोआप सुरू होऊ नये अशी सोय आहे. बाईंचा अर्धा घोर तिथं मिटला. एक्स-रेचा उल्लेख कुठंच नव्हता, तेव्हा डॉक्टर किंचित हिरमुसले. तरी मी त्यांना बजावलं, की खेळ आता क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर नको, घरून जुना आणा. आठव्या पानावर काही जाहिरातींचा मजकूर होता तो आम्हा कुणालाच कळला नाही, पण पटला तर मुळीच नाही, आणि त्याच्या खालच्या चौकटीतली खूण आम्ही एकमतानं काढून टाकली. किल्लीवाल्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "बघतो एकदा. फक्त बघतो."

त्यांनी यासाठी मुद्दाम नवा ई-मेल काढला. मग उभ्यानंच पासवर्ड घालायला लागले. आम्हाला तिघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. डॉक्टरांच्या पासवर्डला आठ अक्षरं, बाईंच्या दहा, यांच्या एकतीस! अक्षरं, आकडे, टिंबं, तिरक्या रेघा. कागदावर लिहिणं तत्त्वात बसत नाही, म्हणून मनातच ठेवला. खातं उघडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात डॉक्टरांचा पाय वायरीत अडकला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

पुन्हा चालू केला. किल्लीवाल्यांनी पासवर्ड घातला. चूक. पुन्हा घातला. चूक. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून, एकेक अक्षर पुटपुटत घातला. चूक. पडद्यावर आलं, की सुरक्षेसाठी हे खातं चोवीस तास बंद.

मला वाटलं, आता गेला हा माणूस. तीन वेळा किल्ली फिरवून स्वतःच्याच दाराबाहेर राहिला, तोही किल्लीवाला, तोही चारचौघांत. पण ते पडद्याजवळ वाकले आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलला.

"मलाही आत सोडत नाही?"

"नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"मी मालक असून?"

"हो ना."

"कप्तान," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "कुलूप चांगलं आहे हो! माणसं जाणती दिसतात." आणि प्रथमच खुर्चीवर टेकले. दुसऱ्या दिवशी, रविवार असून, दुपारी ठरल्या वेळी आले, नवा पासवर्ड केला (बारा अक्षरी, मी अट घातली), जुनं खातं जोडलं, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या जहाजाची तोफ दणाणली. समोर शत्रू नव्हता. त्यांनी आनंदानं उडवली. मी रागावले नाही, यावरून काय ते समज.

असं हे पार पडलं. इतर जहाजांवरचे खलाशी अजून खेळवाल्यांना निषेधाची पत्रं लिहीत बसलेत. लिहू देत, त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण निषेध धक्क्यावर बसून करण्यापेक्षा समुद्रात जाऊन करावा, अशा मताची मी आहे. माझं खातं मी सगळ्यात शेवटी उघडलं. कप्तानानं शेवटीच उतरावं आणि शेवटीच चढावं. गुडघ्याला शेक घेत जा. भावजयीला सांग, तिनं दिलेली शाल ऑफिसात खुर्चीवर असते.

तुझी
ताई

ता. क. मांजराला इतकं खायला घालू नका.

ता. क. २. तुला त्या लाँचरवाल्यांचा एक मेल आला असेल. अनोळखी मेल तू उघडत नाहीस हे मला ठाऊक आहे, मीच शिकवलंय तुला. हा मात्र उघड आणि 'संमती आहे' दाब. कारण किरकोळ आहे. खातं उघडताना जन्मसालाची यादी येते ती चालू सालापासून मागे सरकते. चष्मा कपाळावर होता आणि घाई होती. थोडं अलीकडेच थांबले. त्यांच्या हिशेबानं मी नऊ वर्षांची आहे. दुरुस्तीचा अर्ज केला, तर त्यालाही पालकांची परवानगी लागते म्हणाले. तोवर मला दिवसाला एक तास खेळता येतं आणि जहाजावर बोलायची मुळीच मुभा नाही. खलाशांना मी माइक बिघडला असं सांगितलंय. आठवडा झाला. डॉक्टर काल म्हणाले, की हल्ली समुद्र फार शांत वाटतो.

ता. क. ३. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझं हसणं मला ऐकायचं नव्हतं. आता मुख्य ते. पालकाचं नातं लिहायच्या जागी फक्त आई आणि वडील एवढेच पर्याय होते, भाऊ नव्हता. त्यामुळे त्या कंपनीच्या दप्तरी सध्या तू माझा बाप आहेस. चढून जाऊ नकोस.