आमच्या टोल्यावर झाडीदर्शन

मु. चिचटोला, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर
दि. २४ एप्रिल

आदरणीय राजदीपभाऊ आणि वहिनी, दोघांनाही धाकट्या ललिताचा सप्रेम जय भीम.

भाऊ, तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजव्याचं मागच्या पत्रात विचारून झालं.) वहिनींची साखर आटोक्यात असेल, आणि नसली तरी त्या तुम्हाला सांगणार नाहीत, हे मला माहीत आहे. इकडे सगळे ठीक. यांचा खोकला महिनाभर राहून कंटाळून निघून गेला. अंगणवाडीत बत्तीस लेकरं आहेत, त्यातली दहा झोपलेली असतात आणि उरलेल्यांना झोपवता झोपवता मी झोपते. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी "मुद्द्यावर ये" म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही. पत्र जमेल तेवढं शुद्ध लिहिते आहे, कारण मी बोर्डिंगातून पाठवलेली पत्रं तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवायचे, ती भीती अजून गेलेली नाही. तुम्ही हेडमास्तर म्हणून रिटायर झालात, मोठा भाऊ म्हणून नाही झालात.

तर आमच्याकडे टीव्हीवाले आले होते.

झाडीदर्शन वाहिनी तुम्हाला नागपुरात ठाऊक नसेल. ठाऊक असावी असं काही नाही, ती आम्हालाही नव्हती. सरकारी मदतीवर चालणारी, खास झाडीपट्टीतल्या लोकांसाठी काढलेली वाहिनी आहे. तिचं घोषवाक्य आहे "तुमची वाहिनी, तुमच्या दारी". तिचा एक टीव्ही दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामपंचायतीत लावून दिला. तेव्हापासून आम्ही खूप शिकलो. शेतीच्या कार्यक्रमात द्राक्षावरच्या भुरीवर काय फवारायचं ते शिकलो (इथे धानावर तुडतुडे पडले होते, पण त्यांच्याकडे तज्ज्ञ द्राक्षाचे होते). पाककृतीत स्ट्रॉबेरीचा शिरा शिकलो. हवामानाच्या नकाशात आपला जिल्हा बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कोपराखाली येतो. बाईंनी हात खाली घेतला की आम्हाला कळतं पाऊस येणार आहे, आणि तोवर तो येऊन गेलेला असतो. वाघाची बातमी मात्र रोज. "पर्यटकांना वाघिणीचे दर्शन, सर्वत्र आनंदाचे वातावरण." भाऊ, त्याच वाघिणीने आमच्या चैतूची शेळी नेली, तेव्हा सर्वत्र आनंदाचं वातावरण नव्हतं. त्या वाघिणीचं वाहिनीवर बारसं झालं, सुंदर नाव ठेवलं. आमच्या टोल्याचं नाव त्यांच्या नकाशात नाही.

आता थोडं रपट्याबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. फाट्यावरून टोल्याला येताना नाल्यावरचा तो बुटका पूल तुम्हाला आठवत असेल. मागच्या ऑगस्टात त्याचा मधला तुकडा वाहून गेला. तेव्हापासून एसटी फाट्यावरूनच वळून जायची. फाटा ते टोला तीन किलोमीटर, दोन्हीकडे जंगल. सिंदेवाहीला शिकायला जाणाऱ्या आमच्या सात पोरी ते अंतर रोज पायी यायच्या. रुखमाबाईची नात नूतन त्यातलीच, अकरावीत आहे. (रुखमाबाई म्हणजे आपल्या शेजारच्या गोंडाच्या घरची म्हातारी. तुम्ही लहानपणी तिची चारं, म्हणजे चारोळीची फळं, चोरून खायचे, ती अजून तुमचं नाव काढते.) ही रुखमाबाई, वय सत्तर, रोज संध्याकाळी पाचला काठी घेऊन रपट्यावर जाऊन उभी राहायची. वाघ आला तर काठीने काय करणार, असं मी विचारलं तर म्हणाली, "मी काई नाई करत. पन पोरीच्या आंधी त्याले मी तं दिसन." आम्ही संबंधित साहेबांना तीन अर्ज दिले. तिन्हींना उत्तर आलं की बाब तपासून घेण्यात येत आहे.

अशात मार्चमध्ये निरोप आला की झाडीदर्शनचा "वाहिनी आपल्या टोल्यावर" हा कार्यक्रम चिचटोल्यातून थेट दाखवणार. विषय होता "दळणवळणातून प्रगती". हा विषय कोणी निवडला ते मी शेवटपर्यंत शोधत होते, त्याच्या पाया पडायचं होतं.

त्यांची मोठी गाडी, डोक्यावर थाळीएवढी छत्री घेऊन, सकाळी दहाला नाल्यात उतरली आणि तिथेच राहिली. मागची चाकं गाळात बुडाली. मुखरूचे दोन आणि दसरूचे दोन असे चार बैल लावले, मागून पंधरा माणसं लागली, तेव्हा प्रगती बाहेर निघाली. निर्माते साहेब खाली उतरले, बूट झटकले आणि म्हणाले, "हे चित्रीकरणात यायला नको." साहेब वाईट नव्हते हो. पुण्याकडचे होते, सहा महिन्यांपूर्वी बदलीवर आलेले, आणि सहा महिने परत बदलीच्या खटपटीत असलेले.

मग त्यांनी गाव सजवायला घेतलं. कोलूला तुम्ही ओळखता, तोच मोबाईल दुरुस्तीवाला. पाच गावांचे फोन त्याच्याकडे येतात. साहेबांना तो बघताक्षणी आवडला. त्यांनी त्याला शर्ट-पँट काढायला सांगून हातात धनुष्यबाण दिला. धनुष्य प्लास्टिकचं होतं, त्यांच्याच गोदामातलं. कोलू म्हणाला, "साहेब, माह्या बापानं बी नाई धरला हा. मी तं वायर जोडतो." साहेब म्हणाले, प्रेक्षकांना आदिवासी ओळखू यायला पाहिजे. कोलू म्हणाला, "आमाले इथी सारे ओळखतेत," आणि धनुष्य मांडवाच्या खुंटीला टांगून दुकानात निघून गेला.

मला त्यांनी वेगळं काम दिलं. अंगणवाडीची बाई म्हणजे शुद्ध बोलणारी, म्हणून गावकऱ्यांना उत्तरं पाठ करून द्यायची. छापील कागद होता. प्रश्नही त्यांचे, उत्तरंही त्यांची, आमचं फक्त तोंड. रुखमाबाईच्या वाट्याला एकच वाक्य होतं, "आम्ही समाधानी आहोत." मी दोन तास घोकून घेतलं. भाऊ, मी हे का केलं असं तुम्ही विचाराल. साहेबांनी मला "मॅडम" म्हटलं होतं. एकवीस वर्षं अंगणवाडीत आहे, मला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. तेवढ्यावर मी गेले. लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं.

चार वाजता थेट प्रक्षेपण होतं. दिव्यांना वीज पुरेना म्हणून त्यांनी पंचायतीतल्या टीव्हीची पिन काढून तिथे दिवे लावले. म्हणजे गावातला जो एकुलता एक टीव्ही हा कार्यक्रम दाखवू शकला असता, तो कार्यक्रमासाठी बंद झाला. चारला दहा कमी असताना माइकचा आवाज गेला. त्यांचा आवाजवाला घामाघूम. शेवटी कोलूलाच बोलावून आणलं, शर्टासकट. त्याने गाडीत बसून पाच मिनिटांत वायर जोडली, आणि पुन्हा सुटू नये म्हणून ती धरून तिथेच बसला.

कार्यक्रम सुरू झाला. सरपंच प्रगती बोलले. मी दळणवळण बोलले, एकदाही अडखळले नाही. मग माइक रुखमाबाईसमोर आला. ती म्हणाली, "मी समाधानी आहो." साहेबांनी हसून माइक काढायला हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, साठ वर्षं मोहफुलं वेचलेले हात आहेत ते.

"थांब बापू. तुह्यं झालं, आता माह्यं आयक. माह्यी नात रोज फाट्यावरून पायी येते. मांगून वाघ येते. सकारी तुह्यी गाडी फसली तं चार बैल लागले. माह्या नातीले कोन ओढन? मले सांग, वाघानं पोरगी नेली का मंग येसीन का तू, फोटो काढाले?"

साहेब दबक्या आवाजात ओरडले, आवाज कापा. गाडीत कोलूने कानावरचं यंत्र आणखी घट्ट बसवलं. साहेबांनी कॅमेऱ्यावरच्या पोरीला खूण केली. ती नंदिनी, मूल गावची, राइस मिलमधल्या हमालाची मुलगी. ती म्हणाली, "साहेब, थेट प्रक्षेपण आहे. केंद्रातून आदेश आला की बंद करते." आणि कॅमेरा हळूच रुखमाबाईच्या चेहऱ्याजवळ नेला. केंद्रात जो बटण दाबणारा माणूस होता तो चहाला गेला होता. सरकारी चहा होता, अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं रुखमाबाई बोलली. सात पोरींची नावं घेतली, तीन अर्जांचं सांगितलं, शेवटी घाम पुसून साहेबांना म्हणाली, "जेवून जाजा पन. भात टाकला हाय." आणि भाऊ, मी शेजारी छापील कागद धरून उभी होते. तो मी घडी करून ब्लाऊजमध्ये कोंबला. इतकंच माझं शौर्य.

साहेब जेवले नाहीत. नंदिनी जेवली.

आठ दिवस काही झालं नाही. होणार कसं, बघितलं कोणी? टोल्यात टीव्ही बंद. सिंदेवाहीत चौकशी केली तर म्हणे झाडीदर्शन कितव्या नंबरवर लागते तेच माहीत नाही. आम्ही समजून चुकलो की म्हातारी जंगलात बोलली आणि जंगलानेच ऐकलं.

नवव्या दिवशी एक जीप नाल्यापलीकडे थांबली. ज्यांच्याकडे आमचे तिन्ही अर्ज तपासून घेण्यात येत होते ते साहेब स्वतः उतरले, आणि त्यांच्या मागून एक ऐंशीच्या बाई, पातळ वर धरून, नाल्यातून तरातरा चालत आल्या. त्या साहेबांच्या सासूबाई. त्यांच्या खोलीतल्या टीव्हीचा रिमोट वर्षभरापासून बिघडलेला, झाडीदर्शनवर अडकलेला. जावई दुरुस्त करत नव्हते. (बाब तपासून घेत असतील.) तर आख्ख्या जिल्ह्यात ती वाहिनी सकाळपासून रात्रीपर्यंत बघणारी ही एकच बाई निघाली. तिने ती अकरा मिनिटं बघितली, आणि त्या दिवसापासून जावयाशी बोलणं बंद केलं, त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आठ दिवसांत साहेब वठणीवर आले. ते टेप घेऊन नाला मोजत होते आणि सासूबाई रुखमाबाईच्या खाटेवर बसून विचारत होत्या, "तुमची नात कोणती? ही? अगं, हिला बघायलाच आले मी." दोघी म्हाताऱ्या तासभर एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. काय बोलल्या कोण जाणे, एकीला अर्धं ऐकू येत नव्हतं.

दहा दिवसांत सिमेंटचे पाइप पडले, वर मुरूम पडला, आणि मार्चच्या शेवटच्या सोमवारी एसटी टोल्यात आली. त्या दिवशीही रुखमाबाई पाचला सवयीने काठी घेऊन रपट्यावर उभी. गाडी तिच्यासमोरून पुढे निघाली तशी नूतनने आतून कंडक्टरला ओरडून थांबवलं, खाली उतरली आणि आजीला हाताला धरून वर चढवलं. रपट्यापासून चौकापर्यंत असेल अर्धा किलोमीटर. म्हातारी खिडकीशी बसून आली. घरी गेल्यावर काठी कोपऱ्यात ठेवली आणि खूप रडली. मीही रडले. लाल शाई करायची तर इथे करा.

पुढच्याच आठवड्यात झाडीदर्शनने विशेष कार्यक्रम दाखवला. "झाडीदर्शनच्या पाठपुराव्याला यश." त्यात निर्माते साहेब रपट्यावर उभे राहून पाठपुरावा कसा केला ते सांगत होते. सरपंच होते, मीही क्षणभर होते. रुखमाबाई दोन सेकंद होती. "मी समाधानी आहो," एवढंच.

तर भाऊ, अशी ही लोकांची वाहिनी. हिच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. गुडघ्याला तेल लावत जा. वहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी बहीण,
ललिता

ता.क. १ : परवा त्या निर्माते साहेबांचा फोन आला. "वाहिनी आपल्या टोल्यावर"साठी त्यांना स्थानिक निवेदिका हवी आहे, दर बुधवारी. मी विचार करून सांगते म्हटलं. मग लगेच सांगितलं.

ता.क. २ : पत्र खरं यासाठी लिहिते आहे की वहिनींची ती जांभळी साडी, जी त्या कोणालाच हात लावू देत नाहीत, ती बुधवारच्या आत एसटीच्या पार्सलने पाठवून द्यावी. माझ्याकडे चांगली म्हणून एकच हिरवी आहे. ती नेसून चाचणीला गेले, तर त्यांच्या स्टुडिओतली मागची भिंतही हिरवी, आणि तिथे जे काही हिरवं असतं त्यावर यंत्र देखावा चढवतं. पडद्यावर माझं नुसतं डोकं आणि दोन हात उरले, बाकी सगळ्या अंगावर धान डोलत होतं.

ता.क. ३ : लवकर पाठवा. साहेब म्हणताहेत, हेच राहू द्या, ग्रामीण वाटतं.