पुढे असलेल्याने आधी उठायचं नाही

१३ जानेवारी २००२, रविवार

गणपतीनंतर आज वही उघडली. चुकलंच. आई गेल्यावर लिहायला बसलो की पहिलं वाक्य तिच्याबद्दल यायचं, आणि ते पुरं होत नसे.

आज बंडूनानांच्या ओसरीवर नेहमीची रमी. रविवारी दोनपासून आम्ही चौघं — नाना (तलाठी होते, आता रिटायर), हाफिजभाई टेलर, टेम्पोवाला शाकिर आणि मी, कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. थोडे पैसे लावून. शाकिरने खिशातून कागद काढला. पुण्याला एका क्लबात रमीची स्पर्धा, तीन फेब्रुवारीला. एकदाच फी भरायची. २०१ पॉइंट अंगावर चढले की बाहेर.

"बाहेर म्हंजे?" नाना.

"म्हंजे उठायचं. घरला जायचं."

"पैसे भरून घरला? त्ये मला फुकटात जमतंय!"

शाकिर माझ्याकडे वळला. "सर, चला की. दोघं उतरू."

बघतो म्हणालो.

१६ जानेवारी

आमच्या बैठकीत हरलेला माणूस बसून राहू शकतो. स्पर्धेत हरलेल्याला उठावं लागतं. मला बैठकच बरी वाटते. पण हे कारण रमीचं आहे का? नाही.

२० जानेवारी, रविवार

लिहूनच टाकतो. सांगणार कुणाला?

नानांचा जुना नियम — जो पुढे असेल त्याने आधी उठायचं नाही. मागे असलेल्यांपैकी कुणीतरी "पुरे" म्हणायला हवं. शाकिरला चारला घरी जायचं असतं. त्याची अंजुम सातवीत आहे, तिला सायकल शिकवायचं कबूल केलंय. पण तो उठला की हाफिजभाई उठतात, डाव मोडतो, आणि मी जाऊन कुलूप उघडतो. आत कुणी नाही.

म्हणून दिवाळीपासून मी शाकिरला लागणारी पानं टाकतो. एकदा तर हातात जुळलेला सिक्वेन्स मोडला! तो पुढे राहतो. उठू शकत नाही. सहा वाजतात.

आज चारला म्हणाला, "नाना, पोरगी वाट बघतीया."

"नियम म्हंजे नियम. सरांना इचार, त्ये मागं हायेत."

मी 'पुरे' म्हणायचं होतं. म्हणालो, "आणखी एक डाव."

२२ जानेवारी

शाकिरने फी भरली. मी नाही भरली. "दर रविवारी पुढं असतोय सर. नशीब न्हाई, हात बसलाय आता."

मी मान डोलावली. मान डोलावली!

२७ जानेवारी, रविवार

सांगायचं ठरवून गेलो. सांगितलं नाही. उलट त्याला हव्या त्या तीन पानांची भेट.

३ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या एसटीने शाकिरबरोबर पुण्याला गेलो, नुसता बघायला. तो तासाभरात बाहेर. वाईट हात आला की तिथले लोक लगेच पॅक करतात, पानं खाली ठेवून डाव सोडतात, थोड्या पॉइंटांवर निभावतात. हा प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळला, ओसरीवर खेळतो तसा. उठताना टेबलाला नमस्कार केला त्याने. तिथे एक मात्र चांगलं — उठायला कुणाची परवानगी लागत नाही.

परतीच्या गाडीत म्हणाला, "हितं जमतंय, मग तितं का न्हाई, सर?"

नसरापूर मागे पडल्यावर सगळं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"किती रविवार?"

"दिवाळीपासून."

"म्हंजे अंजुमचे तेवढे गेले."

स्टँडवर उतरला, वळला नाही.

६ फेब्रुवारी

शाकिरचा टेम्पो कॉलेजवरून गेला. हॉर्न नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

येणार नाही असं वाटलं होतं. आला. पिसताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज पानं टाकायची न्हाईत. खरं खेळा."

खरं खेळलो. प्रत्येक टाकलेलं पान लक्षात ठेवून, फिजिक्सचा पेपर सोडवावा तसा. चारला शाकिरच पुढे. बऱ्यापैकी पुढे!

नाना हसले. "सर, आज बी?"

इतके महिने मी त्याला जिंकवतोय, ही माझी समजूत! पानं टाकली नसती तरी तो अडकलाच असता. माझ्याकडून त्याला एकच शब्द हवा होता. तो आज म्हणालो — "पुरे."

शाकिर उठला. पायरीवर थांबला. "सायकलीचं शीट धरायला दुसरा माणूस बरा असतोय, सर." मी चपला शोधायला लागलो. "आज नगं पण."

साडेचारला घरी. भिंतीवर अजून ऊन होतं.

११ फेब्रुवारी

सकाळी कॉलेजच्या उतारावरून एक सायकल भन्नाट आली. अंजुम! वळणावर एका हाताने ओढणी सावरली, मला बघून करकचून ब्रेक मारला.

"सर, अब्बांना सांगू नका ना. मला नोव्हेंबरातच आली. काल ते शीट धरून मागे पळत होते... मी मुद्दाम पडत होते."

उद्या — नानांना सांगणे : रविवारी बैठक चारला मोडायची. पुढे कोण, हे न बघता.