गुंतवळ

३ नोव्हेंबर, खोडद

पोचले बाई एकदाची! पप्पूच्या जीपमध्ये मी, माझी गादी, मिक्सर आणि दोन बायकांच्या मधे अंग चोरून उभी असलेली एक शेळी, असे सगळे नारायणगावाहून आलो. रोपवाटिकेच्या ऑफिसातली नवी मॅडम मीच, हे पप्पूला आधीच ठाऊक होतं. पगार किती तेवढं विचारायचं त्यानं बाकी ठेवलं.

खोली झकास आहे. मागे उसाचं रान, त्यापलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या. घरमालकीण साळूमावशी सत्तरीच्या, एकट्या आणि लई गोड. मी टेकते न टेकते तोच गूळपाणी पुढे केलं. मुलगे पुण्याला असतात, सणालाही फिरकत नाहीत म्हणे. बोलताना त्यांचे हात थांबत नाहीत, क्रोशाची सुई आणि लोकर सारखी चालू.

संस्कृतीला सध्या मंचरला आईकडे ठेवलंय. चार वर्षांची पोर, निघताना माझ्या ओढणीला लोंबकळली. घर मांडलं की पुढच्या पंधरवड्यात तिला घेऊन येणार. तिच्या बापाचं नाव या वहीत काढायचं नाही, ठरलंय.

६ नोव्हेंबर

मावशींची फळी पाहिली नि खुळी झाले. अंगठ्याएवढ्या विणलेल्या बाहुल्या! चष्मेवालं घुबड, शिंगं फुटलेला बुटका राक्षस, टोपी घातलेला उंदीरमामा, आणि पंखांची एक परी, तिच्या गालावर काळ्या दोऱ्याचा तीळसुद्धा. सगळी दाराकडे तोंड करून बसलेली. तोंड म्हणजे काय, डोळे आहेत, तोंड कुणालाच नाही. का म्हणून विचारलं तर हसून म्हणाल्या, तोंड दिलं की निघायचं नाव काढत्यात. मीही हसले.

सगळं काम मुक्या खांबाचं, म्हणजे अगदी बसक्या, गच्च टाक्याचं. डोक्यापासून सुरुवात करून गोल गोल खाली यायचं. आत कापूस, आणि कापसात चिमूटभर केस. केसानं बाहुली जीव धरती, असं मावशींचं म्हणणं.

सकाळी मी कंगव्यातलं गुंतवळ खिडकीतून टाकणार, तर मावशींनी हात धरला. बाईमाणसाचं गुंतवळ असं वाऱ्यावर सोडू नये, आन हिकडं. माझी आजीही यावरून ओरडायची, म्हणून देऊन टाकलं. मग त्यांनी विचारलं, तुला काय व्हायचंय? मी म्हटलं, जलपरी! बादलीत बुडेन अशी मी, निदान लोकरीची तरी पोहू दे. व्हिडिओ कॉलवर संस्कृतीनंही हट्ट धरला, मला पण हवी. मावशी तिला म्हणाल्या, आदी आईची व्हऊ दे, मंग तुझी.

११ नोव्हेंबर

जलपरीचं डोकं झालं. हुबेहूब मी! भांगसुद्धा माझ्यासारखा वाकडा. ऑफिसात फोटो दाखवला तर सगळ्यांना आपापली हवीय.

घसा मात्र बसलाय. टोमॅटोच्या रोपांवर फवारणी चालू आहे, त्याचा वास असेल. मावशी हळदीचं दूध देतात आणि पिईपर्यंत समोरून हलत नाहीत. आईनं इतके लाड केले नव्हते हो.

१४ नोव्हेंबर

आवाज पूर्ण गेला. नारायणगावच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि घसा स्वच्छ आहे म्हणाले. मग बोलता का येत नाही ते सांगा ना! पण हे तरी मी बोलणार कशी?

ओठ फिके पडलेत. लिपस्टिक लावली तर बसेना, वरच्यावर पुसली गेली. ओठांची कड बोटाला लागतच नाही. मावशींनी ऊब म्हणून तोंडाला विणलेला मफलर गुंडाळून दिलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज संस्कृतीला आणायचं होतं. तिच्यासाठी गोधडी धुऊन ठेवली होती. पप्पूची जीप वेशीत उभी होती, तिथपर्यंत चालले आणि पायरीवर पाय टाकायला गेले तर गुडघे एकमेकांपासून सुटेनात. कुणी आतून शिवल्यासारखे. आडवी पडले. पप्पूनं उचलून परत आणलं.

येताना तो म्हणाला, आधीची भाडेकरीण इंद्रायणी, नर्स व्हती, ती पण इथंच अशी पडली. लई हसरी बाय, गालावर तीळ. यक दिवस गायबच झाली, सामान हितंच टाकून. मावशीला लई वाईट वाटलं.

गालावर तीळ.

ओट्यावर मावशी विणत बसल्या होत्या. बाहुली कमरेखाली आली होती. हिरवी लोकर. शेपटी सुरू झालीय.

१८ नोव्हेंबर

मावशी दुपारी दळण घेऊन गेल्या तेव्हा भिंत धरून फळीपाशी गेले. परीला हातात घेतलं. ऊबदार होती. झोपलेल्या मुलासारखी. हात भाजल्यागत परत फळीवर ठेवली.

मग माझी जलपरी. विणकाम न येणाऱ्यालाही एक ठाऊक असतं, शेवटची गाठ मारली नसेल तर दोरा ओढला की सगळं उसवतं. शेपटी अर्धीच होती, दोरा गुंड्याला तसाच. ओढला. तीन टाके सुटले आणि माझ्या टाचेची कातडी तशीच ओळीनं सुटत गेली. मी ओरडले, आवाज नाही. पुन्हा ओरडले.

मावशी आल्या. रागावल्या नाहीत. रक्त पुसलं, मांडी घालून बसल्या, तीनही टाके परत उचलले, आणि टाच भरून आली. दुखणं थांबलं म्हणून मी रडले, किती लाज वाटली! वेडी का काय, म्हणाल्या, आपलंच आपून उसवायचं आसतं व्हय? मग डोळे टिपून म्हणाल्या, सगळी जात्यात गं. पोटची गेली. मला ज्यांनी गुंतवळ दिलं त्येवढी ऱ्हायली.

माया आहे त्यांची. खरी माया आहे, म्हणूनच मला भीती वाटते.

२० नोव्हेंबर

आईला फोन लावला, तेव्हा बोट अजून चालत होतं. तिचं हॅलो हॅलो. मी नुसता श्वास. संस्कृतीचा आवाज मागून, आई आहे का, आई आहे का.

फोन चालू ठेवूनच मेसेज टाइप करायला गेले. पोरीला आणू नकोस, एवढंच. स्क्रीनवर अक्षर उमटेना. बोट दाबलं, घासलं. लोकरीचा हातमोजा घातला की फोन ओळखत नाही ना, तसं. बोटं पाहिली. चार बोटं मिळून एकच झालंय. अंगठा तेवढा वेगळा, तोही तसाच.

मावशींनी फोन घेतला. घसा बसलाय वो तिचा, लेकीला घिऊन या, आईला बरं वाटंल. आई रविवारी येते म्हणाली.

फोन मी लावला. मीच.

२२ नोव्हेंबर

पेन मुठीत — अंगठ्यानं दाबून —

आई, हे वाच. पोरीला उचल आणि पळ. माझ्याकडे बघत बसू नकोस. तिचा एक केस इथं पडू देऊ नकोस.

वही गोधडीखाली ठेवते. आई आली की तिच्या हातात — कसंही करून —

पाय नाहीतच आता. एकच आहे. हिरवं.

२३ नोव्हेंबर

आल्या दोघी. मावशींनी आधीच गोधडी माझ्या गळ्यापर्यंत ओढून ठेवली होती. आई मला बघून रडली. मफलर सोडायला गेली तर मावशींनी थांबवलं, वारं लागंल. वही ओढायला गेले — हात निसटतो, धरवत नाही — तोवर मावशींनी आईला पप्पूबरोबर नारायणगावला धाडलं. औषधाला. गेली. जीपचा आवाज गेला.

संस्कृती कुशीत येऊन बसली. माझा हात गालाला लावला. म्हणते, आई, तुझा हात किती मऊ झालाय.

मान हलवली. नको नको — तिला खेळ वाटला. हसली.

मावशी हाक मारतायत. जीपमधी केस किती गुतल्यात गं, ये, येणी घालते. ती गेली — उडी मारून — ओट्यावर — दार उघडं आहे, दिसतंय मला —

संस्कृती नको बाळा

मावशी विचारतायत, तुला काय व्हायचंय —

ससा, म्हणाली. मोठ्यानं. मला पण ऐकू यावं म्हणून.

कंगव्यात