कर्टिस माझ्याच वर्गात निघाला

बेकर्सफील्ड,
ऑक्टोबरातला रविवार

ती. वेंडेलदादास,

इमोजीनचा नमस्कार. टल्साच्या थंडीत तुझा गुडघा कुरकुरायला लागला असेल. इकडे उन्हाळा अजून हलायचं नाव घेत नाही. वहिनींचा पीचचा मुरंबा पोचला. शेजारच्या ओपलने अर्धी बरणी माझ्या स्वयंपाकघरातच संपवली (तिला डॉक्टरांनी मनाई केली आहे, तेव्हा वहिनींना हे सांगू नकोस).

पत्रास कारण, मी या वयात पुन्हा शाळेत जाऊन आले. कोपऱ्यावरच्या 'थांबा' पाटीपाशी मी थांबले नाही, असं पोलिसाचं म्हणणं. माझं म्हणणं, मी मनाने थांबले होते, गाडी तेवढी पुढे गेली. त्याने ते लिहून घेतलं नाही. आता लायसन्सवर दंडाचा गुण चढणार (शाळेत गुण मिळाले की आई शाबासकी द्यायची, इथे नेमकं उलटं). आधीचा एक आहेच, आणि कर्टिसने बजावून ठेवलंय, "आई, अजून एक गुण चढला की किल्ली माझ्याकडे." तुझा भाचा तेलाच्या कंपनीत सुरक्षा अधिकारी झाल्यापासून घरातही शिट्टी वाजवल्यासारखा बोलतो. किल्ली गेली तर ओपलला डायलिसिसला कोण नेणार? तिचा जावई एकदा न्यायला आला होता, तो तिला तिथेच विसरून घरी गेला. तेव्हा कर्टिसला न सांगता मी वाहतूक शाळेत नाव घातलं. दिवसभर बसलं की गुण झाकला जातो.

शाळा पिझ्झाच्या दुकानामागच्या खोलीत भरते. शिकवणारे लोमॅक्स नावाचे गृहस्थ पूर्वी क्लबात विनोद सांगायचे. ते का सुटलं हे पहिल्या तासातच कळलं. माझ्या शेजारी एक पाद्री होता, तो प्रत्येक विनोदाला हसायचा (धंद्याची सवय असावी). मी पुढच्या बाकावर बसले, कारण मागच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून कोणीतरी झोपलं होतं. लोमॅक्सनी हजेरी घेतली. "इमोजीन पर्विस." मी हजर म्हटलं. "कर्टिस पर्विस." मागची टोपी हलली, पण आवाज येईना. लोमॅक्स म्हणाले, "दोघं नात्यातले का?"

"ओळखीचे आहोत," मी म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत तो पिझ्झाचा तुकडा घेऊन समोर येऊन बसला. बराच वेळ त्याने पिझ्झ्यावरचे ऑलिव्ह बाजूला काढले. शेवटी म्हणाला, "तू इथे कशी?"

"तू कसा, ते आधी सांग."

हायवेवर वेगात सापडला होता. कुठे निघाला होतास विचारलं, तर सुरक्षेवर भाषण द्यायला, आणि उशीर झाला होता. दादा, मी हसले नाही. तुझ्या मेहुण्याला, हॅरॉल्डला, कबरीत ठेवताना आवरलं नव्हतं इतकं मी स्वतःला तिथे आवरलं. बायकोला, डार्लाला, त्याने सांगितलं होतं की आईकडे कूलर दुरुस्त करायला जातोय. मग म्हणाला, "आई, तू तिला काही बोलू नकोस, मी किल्लीचं नाव काढणार नाही." मी म्हटलं, ओपलला गुरुवारी तू नेशील तर. तो बराच वेळ तिच्या जावयाला दोष देत राहिला, पण कबूल झाला.

दुपारी परीक्षा झाली. दोघंही पास. पाद्री नापास झाला, तेव्हाही हसत होता.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
इमोजीन

ता. क. : त्या दिवशी डार्लाने माझ्या घरी फोन केला होता आणि कोणी उचलला नाही. संध्याकाळी तिने विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की वेंडेलमामा अचानक आले होते, म्हणून आम्ही तिघं बाहेर जेवायला गेलो. आता ती म्हणते, मामा एवढ्या लांबून आले आणि मला न भेटता गेले कसे? तेव्हा दादा, एकदा खरंच ये. हॅरॉल्डच्या अंत्यविधीनंतर तू इकडे फिरकलेला नाहीस. पाहुण्यांची खोली झाडून ठेवली आहे.

दुसरं ता. क. : आल्यावर डार्ला विचारेल, तेव्हा त्या दिवशीच्या जेवणात तू कोळंबी खाल्लीस असं सांग. तुला ती चालत नाही हे मला आठवतंय. मला घाईत दुसरं काही सुचलं नाही, आणि ती तुझ्यासाठी तीच करणार आहे.