दुधाची म्हणे!

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या गौरीच्या दाढेचं रूट कॅनाल आज पूर्ण झालं. नऊ वर्षांची पोर, तासभर आ करून पडून राहिली. सहा महिन्यांपूर्वी दाढ किडली, तेव्हा सात रस्ता चौकातला दातांचा डॉक्टर वरवर बघून म्हणाला होता, "दुधाची आहे, पडेल." दुधाची! ही दाढ सहाव्या वर्षी येते आणि जन्मभर राहते, हे मला नव्या डॉक्टरबाईंनी सांगितलं.

त्यांच्याकडून निघाले ती गौरीला घेऊन रिक्षा थेट त्या आधीच्या डॉक्टरच्या दवाखान्यावर नेली. बाहेर पेशंट बसलेले. तो केबिनमधून आला, तसा एक्स-रे समोर धरला. रागात माझी गावची बोली सुटते.

"ही दाढ दुधाची हाय का कायमची? सांगा की समद्यांदेखत."

"ताई, आत बसून बोलू."

"न्हाय, हितंच."

"चूक झाली," तो पुटपुटला. लेकराला घेऊन बसलेली एक बाई उठून निघून गेली. मग दुसरी. मला वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं.

रिक्षात गौरी बधिर ओठांनी म्हणाली, "आई, झालं का तुझं?"

"व्हय," म्हणाले. खोटं बोलले. त्यानं गौरीकडे बघितलंसुद्धा नाही. माफी त्यानं तिची मागायला हवी. उद्या परत जाणार.