दहा ते चार

सोमवार, ४ मार्च

ड्युटीचा तक्ता फाडला. आज तिसऱ्यांदा!

इन्चार्ज होऊन पाच आठवडे झाले. अकरा वर्षं पोहण्याच्या तलावाकाठच्या उंच खुर्चीत बसून पाण्यावर नजर ठेवली, आता खोलीत बसून कागदावर ठेवते. पाणी बरं होतं. ते निदान कुरकुर करत नाही.

दुपारी तीन वाजता साहेब आले आणि मला खिडकीशी बोलावलं. पाण्यात एकटे आजोबा पाठीवर तरंगताहेत आणि काठावर दोन लाइफगार्ड जांभया देताहेत. "बघा. रिकाम्या पाण्यावर दोघं. सकाळी साठ माणसं उतरतात तेव्हाही दोघंच. याला काय अर्थ आहे?"

खरं आहे. खुर्चीत होते तेव्हा मीच हे ओरडून सांगायचे. पण नवा माणूस मिळणार नाही, तासही वाढणार नाहीत. म्हणजे चार लाइफगार्डांपैकी दोघांचा दिवस मधोमध तोडायचा. सहा ते दहा काम, मग मोकळे, मग पुन्हा चार ते आठ. साहेब त्याला स्प्लिट शिफ्ट म्हणतात. पंपवाले काका दारात उभे होते. म्हणाले, "तुटकी ड्युटी म्हणा की सरळ! पैसे आठ तासांचे, आणि माणूस चौदा तास अडकलेला."

साहेबांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

मंगळवार, ५ मार्च

एक नाव सहज मिळालं—लंबू. त्याचं घर रस्त्यापलीकडे. "दुपारी मस्त झोप काढून येईन, मॅडम!"

दुसरं नाव? मिशीवाले सकाळीच येऊन गुडघे दाखवून गेले. जिने, बस, पुन्हा जिने—दिवसातून दोनदा जमणार नाही म्हणे. त्यांची तीस वर्षं तलावात गेली, त्यांना काय बोलणार! छोटीची मुलगी पहिलीत. लेकुरवाळीला कुठे सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत ताणायचं? तिला विचारलंच नाही.

राहिली ताई. माझी नणंद. ती काही सांगायला आली नाही.

बुधवार, ६ मार्च

शेजारच्या काकू दोन महिने लेकीकडे निघाल्या. दुपारी बाबांना जेवायला त्याच घालत होत्या. सासरे—पण मी बाबाच म्हणते. दीड वर्षापूर्वी उजवी बाजू गेली. चालतात थोडं, काठी घेऊन. हात मात्र मांडीवर नुसता पडलेला. साडेबाराला कोणीतरी भरवावं लागतं. ताई सहा ते दोनची ड्युटी करून घरी पोचते तीनला. मी संध्याकाळी. नवरा गाडी घेऊन दिवसभर बाहेर.

जेवताना नवरा म्हणाला, "ताई दुपारी घरी असली तर सगळंच सुटेल की!"

पण हे आधी त्याच्या डोक्यात आलं असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या डोक्यात ते कालपासून होतं.

शुक्रवार, ८ मार्च

लिहिलं तिचं नाव. घरच्याच माणसाला घेतलं तर माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. साहेब खूश, बाबांची सोय, मिशीवाले सकाळच्या सरळ पाळीत, छोटी दुपारची आहे तिथेच. सगळ्यांचं जमलं!

फक्त तिला आधी सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे—टाळलं. फळ्यावर लावलेला तक्ता तिने सगळ्यांबरोबर वाचला. ओल्या टॉवेलने मान पुसत उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं."

बरं म्हणजे काय? आज दिवसभर तो एक शब्द कानात घोळतोय. आली असती, भांडली असती, तर मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते.

सोमवार, ११ मार्च

पहिला दिवस पार पडला. बाबांचं जेवण, गोळ्या, सगळं वेळेवर. दुपारी घरून एकही फोन नाही!

गुरुवार, १४ मार्च

तक्त्यात तिच्या नावापुढे दोन निळे चौकोन, मधे पांढरं. पांढरं म्हणजे सुट्टी, असं आपण धरून चालतो. आज बसल्या बसल्या ते पांढरं भरून पाहिलं. दहाला सुटते. अकराला घरी. बाबांची अंघोळ, कपडे, जेवण, गोळ्या, भांडी. तीनला पुन्हा बस. पहाटे साडेचारला उठलेली बाई रात्री नऊला घरात पाय टाकते. आणि हे सगळं कोणासाठी? तिच्या वडिलांसाठी, हो. पण गेले वर्षभर दुपारी त्यांना कोणी भरवायचं हे ठरवत होते मी. काकूंना गळ घातली तीही मीच.

खोलीत बसवेना. काठाने तीन चकरा मारल्या. पंपवाले काका म्हणाले, "काय हरवलंय?"

शुक्रवार, १५ मार्च

आजचं इथेच लिहिते. दुसरं कोणाला सांगू?

संध्याकाळी सव्वासात. पाण्यात पन्नासएक माणसं, उथळ बाजूला शिकाऊ मुली, नुसता गोंगाट. खोल बाजूच्या खुर्चीत ताई. मी ऑफिसच्या दारातून पाहिलं—तिचे डोळे मिटलेले. हनुवटी छातीवर.

किती वेळ? तीन सेकंद? दहा? ओरडले असते तर सगळ्या तलावाने वळून बघितलं असतं. धावलेही नाही, ओल्या फरशीवर भरभर चालत गेले आणि तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. एक एक डोकं मोजलं. सगळी होती.

"मी बघतेय," ती मागे न वळता म्हणाली.

"उतर. मी बसते."

"बघतेय म्हटलं ना!"

"ताई, उतर."

उतरली. मी आठपर्यंत खुर्चीत बसले. समोरच्या खुर्चीतून लंबूने सगळं पाहिलं होतं. जाताना हळूच म्हणाला, "मी कोणाला बोलणार नाही, मॅडम." त्याची मेहेरबानी! दुसरं कोणी झोपलं असतं तर मी तिथल्या तिथे लेखी जाब विचारला असता. हिला काय विचारू? "रात्री झोपत नाहीस का" म्हणून? त्या रात्रीचे तास मीच तर कापलेत.

सोमवार, १८ मार्च

ऑफिसच्या फोनवर एका बाईंचा आवाज. "तुमच्या लाइफगार्ड ताई आहेत का? प्रशिक्षक-वर्गातून बोलतेय. गेला पूर्ण आठवडा आल्या नाहीत. सहा महिन्यांतले चार झालेत, आमच्या वर्गात सगळ्यात पुढे होत्या. अर्धवट सोडू नका म्हणावं. काहीतरी मार्ग काढू."

"कधी असतो वर्ग?"

"संध्याकाळी पाच ते सात."

मी ताईची इन्चार्ज. मी तिच्याच घरात राहते. मला पत्ता नाही! दोनला सुटून तीनला घरी, साडेचारला पुन्हा बाहेर—विचारलं तर म्हणायची, "जरा मैत्रिणीकडे." मी आणि नवरा डोळे मिचकावायचो. लग्न मोडून माहेरी आली त्याला दहा वर्षं झाली, आम्हाला वाटलं, असेल कोणी, बरंच आहे.

घरी कपड्यांच्या घड्या घालताना विषय काढला.

"सांगायचंस ना मला!"

"सांगितलं असतं तर?"

"तर—"

"तर दुसऱ्या कोणाचं नाव लिहिलं असतंस? आणि मग बाबांचं काय?" हात थांबला नाही तिचा. चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन आपण धरली. "तुझ्या जागी मी असते ना, तर मीही तुझंच नाव लिहिलं असतं. घरचं माणूस हक्काचं."

चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर मला आत्ता झोप तरी लागली असती.

बुधवार, २० मार्च

साहेबांकडे गेले. म्हटलं, तक्ता बदलायचा आहे.

"तुम्हीच केलात ना? बारा दिवसांपूर्वी?"

"हो. चुकला."

त्यांनी चष्मा काढला. वाटलं, आता ऐकावं लागणार. पण म्हणाले, "मला गर्दीला तीन माणसं दिसली पाहिजेत. कोण ती तुम्ही ठरवा. मी नावं बघत नाही."

एवढंच? एवढ्यासाठी आठ दिवस मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात होते!

गुरुवार, २१ मार्च

मनाची तयारी करून, ताई दुपारी घरी असताना, बाकी सगळ्यांना एकत्र बोलावलं. म्हटलं, तुटकी ड्युटी आळीपाळीने घेऊ, प्रत्येकाला महिन्यातून—

वाक्य पुरं व्हायच्या आत छोटी म्हणाली, "मला कायमची द्या ना!"

"काय?"

"दहा ते चार मोकळी ना? मग द्या की! माझी पोरगी बाराला सुटते शाळेतून. आता मी बाराला इथे येते, घरी जाते तर ती झोपलेली. सकाळी नुसती वेणी घालायची आणि ढकलायची शाळेत. रविवार सोडला तर धड बोलणं नाही आमचं. दुपारी तिला घेऊन घरी जाईन, बरोबर जेवू. संध्याकाळी सासूबाई आहेतच."

"मग आधी का नाही बोललीस?"

"मला विचारलंच नाही कोणी! मला वाटलं, ती ड्युटी तुम्ही खास ताईंना दिलीत. बाबांसाठी."

पंपवाले काका छताकडे बघायला लागले. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, पण इन्चार्जने चारचौघांत तसं करू नये.

एक प्रश्न. एका मिनिटाचा. तो न विचारता मी छोटीवर दया केली, मिशीवाल्यांच्या गुडघ्यांवर केली, बाबांवर केली. तिघांवरच्या दयेची किंमत एकटीने भरली ताईने!

आता ताई पुन्हा सहा ते दोन, मिशीवाले पुन्हा बारा ते आठ. ते फुरफुरले, "मला काय फुटबॉल समजलात? इकडून तिकडे, तिकडून इकडे!" पण दारात जाऊन वळले आणि म्हणाले, "सकाळी मला उठवतही नाही म्हणा. बरंच झालं."

शनिवार, २३ मार्च

बाबांच्या जेवणाचा प्रश्न आहे तिथेच. मीच जाणार. साडेअकराला निघायचं, अडीचला परत. तेवढा वेळ संध्याकाळी जास्त थांबेन. साहेबांना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं! ते म्हणाले, "म्हणजे तुमचीही स्प्लिट शिफ्ट." आणि हसले. पहिल्यांदा पाहिलं त्यांना हसताना.

नवरा म्हणाला, "तुला झेपेल का रोज?" म्हटलं, तुझ्या बहिणीला झेपेल का, हे विचारलं होतंस? मग म्हणाला, गुरुवारी त्याची फेरी घरावरून असते, त्या दिवशी तो थांबेल. दीड वर्षात हे पहिल्यांदा सुचलं त्याला! मला तरी आधी कुठे सुचलं होतं त्याला सांगायचं?

रविवार, २४ मार्च

आज सफाईसाठी तलाव बंद. दुपारी बाबा जरा आडवे झाले होते तेव्हा ताईला नवा तक्ता दाखवला. तोंडाने सांगितलं सगळं, फळ्यावर सोडलं नाही. वर्ग उद्यापासून पुन्हा सुरू कर म्हटलं. माझं चुकलं, हेही म्हटलं. हे दोन शब्द बोलायला मला आठवडा लागला.

तिने तक्ता दोनदा वाचला. वाटलं हसेल, नाहीतर रडेल. दोन्ही नाही.

"छोटी खूश आहे?"

"नाचतेय."

"चांगलं केलंस." मग उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली. "उद्या दुपारी तू येणार ना घरी? बाबांशी जरा बोल. घाई करू नकोस."

कशाबद्दल विचारलं, तर म्हणाली, "तेच सांगतील."

तिला आनंद का नाही झाला? सगळं परत दिलं ना मी? दुपारपासून घरभर फिरतेय, एक काम धड होत नाही.

सोमवार, २५ मार्च

साडेबाराला धापा टाकत घरी पोचले. बाबांचं जेवण झालं होतं. एकट्याने, डाव्या हाताने, सदऱ्यावर डाग नाही. "दोन आठवडे रोज दुपारी शिकवलं तिने. भरवायला आलीच नाही कधी. समोर हाताची घडी घालून बसायची. चिडलो, उपाशी राहिलो एक दिवस, तरी हलली नाही." मग म्हणाले, "एक तारखेला जातेय ती. परगावच्या तलावावर नोकरीला. वर्गाच्या बाईंनी लावून दिलंय, कोर्सही तिथेच पुरा होईल. शनिवारी होकार कळवला. तुला सांगायचं धाडस नव्हतं तिला. जा म्हणून मीच सांगितलं." मी दारातच उभी. म्हणाले, "बस, दमलीस. पाणी देतो." आणि काठी न घेता उठले.